जुना फायरप्लेस इन्सर्ट पेटवण्याआधी: चिमणीपासून राखेपर्यंत कामाचा योग्य क्रम

न्यू जर्सी, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या पट्ट्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं घर घेतलं की दिवाणखान्यातल्या विटांच्या फायरप्लेसमध्ये बसवलेली एक जड लोखंडी पेटी बरेचदा घराबरोबरच येते. समोर काचेचं किंवा बिडाचं दार, बाजूला पंख्याची वायर. हाच इन्सर्ट. पहिली थंडी पडली की नवा मालक काच पुसतो, बाहेरून काळा रंग मारतो, दुकानातून लाकडं आणतो आणि काडी ओढतो.

ही सगळी कामं शेवटची आहेत. त्याआधीची कामं भिंतीच्या आत आणि छताच्या वर असतात, दिसत नाहीत म्हणून राहून जातात, आणि आग लागते ती बहुधा तिथेच. इन्सर्ट आणि त्याच्यावरची चिमणी हे एकच यंत्र आहे. पेटी कितीही चकाचक केली तरी वरचा धूरमार्ग चुकीचा असेल तर ती वापरण्याजोगी होत नाही. म्हणून खालचा क्रम बदलू नका. एखादा टप्पा अडला तर पुढचा सुरू करू नका.

काम हाती घ्यायला मे ते ऑगस्ट हा काळ चांगला. ऑक्टोबरनंतर चिमणीवाल्यांच्या तारखा मिळत नाहीत, मग लोक "यंदा एवढंच वापरू" म्हणून तपासणी न करता पेटवतात.

## १. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते ठरवा

आधी फायरप्लेस कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. खरी विटांची फायरप्लेस आतून विटा आणि चुन्या-सिमेंटची असते, वर मातीच्या नळकांड्यांचा, म्हणजे क्ले टाइल्सचा धूरमार्ग असतो. दुसरा प्रकार कारखान्यात बनलेल्या पत्र्याच्या फायरप्लेसचा. तिला आतून विटांसारखी दिसणारी फरशी असते, पण टॉर्च मारला की कडेला पत्रा, जोडाचे स्क्रू, कधी हवेच्या फटी दिसतात. छतावर विटांच्या धुराड्याऐवजी लाकडी चौकटीतून धातूचा पाइप वर आलेला असतो.

इशारा: पत्र्याच्या फायरप्लेसमध्ये कोणताही इन्सर्ट चालत नाही. तिच्या बनवणाऱ्या कंपनीने आणि इन्सर्टच्या कंपनीने, दोघांनी लेखी परवानगी दिलेली असेल तरच. जुन्या जोडीबाबत अशी परवानगी सापडणं दुर्मिळ आहे. तुमचं प्रकरण हे निघालं, तर पुढचं वाचण्याआधी गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटच्या निरीक्षकाला बोलवा.

मग इन्सर्टवरचं लेबल शोधा. धातूची पट्टी मागे, बाजूला, दाराच्या आत किंवा पंख्याच्या झाकणाखाली असते. तिच्यावर मॉडेल, चाचणीचं मानक, आणि जळाऊ वस्तूंपासून किती अंतर हवं ते लिहिलेलं असतं. तिचा फोटो काढून ठेवा. परवान्यासाठी, विम्यासाठी आणि सुटे भाग मागवताना तोच लागतो. मॉडेल कळलं की मूळ वापरपुस्तिका शोधा. कंपनी बंद पडली असली तरी पुष्कळ पुस्तिका पीडीएफ स्वरूपात मिळतात.

लाकडाच्या शेगड्यांसाठी ईपीएचे (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे) धूर-मर्यादेचे नियम १९८८ साली आले. त्याआधीच्या पेटीवर ईपीएचं प्रमाणपत्र नसतं. अशी पेटी आपोआप बेकायदा ठरत नाही, पण राज्यागणिक नियम वेगळे आहेत. ओरेगॉनमध्ये घर विकताना प्रमाणपत्र नसलेला इन्सर्ट काढून नष्ट करावा लागतो. वॉशिंग्टन राज्यात तो नव्याने बसवता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात हवा खराब असलेल्या दिवशी लाकूड जाळायलाच बंदी असते. गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन करून दोन गोष्टी विचारा: ही पेटी काढून पुन्हा बसवायला परवाना लागतो का, आणि काम झाल्यावर तपासायला कोण येतं. त्याच दिवशी घराच्या विमा कंपनीलाही कळवा. लपवलेला इन्सर्ट दाव्याच्या वेळी महागात पडतो.

इथेच एक निर्णय घ्यायचा आहे. प्रमाणपत्र नाही, लेबल नाही, पुस्तिका नाही, आणि पेटीला तडे आहेत अशी परिस्थिती असेल तर ती भंगारात द्या. सध्याच्या नियमांनुसार नव्या पेटीतून तासाला २ ग्रॅमपर्यंतच सूक्ष्म कण बाहेर पडू शकतात (प्रत्यक्ष सरपणावर चाचणी केली असेल तर २.५ ग्रॅम). त्यामुळे तेवढ्याच लाकडात ऊब जास्त मिळते आणि चिमणी कमी माखते. जुन्या वस्तूची ओढ मला कळते, पण आगीच्या बाबतीत ती ओढ बाजूला ठेवायला हवी.

## २. पेटीला हात लावण्याआधी चिमणी तपासून घ्या

सर्वांत मोठी चूक इथे होते, म्हणून या टप्प्यावर जरा थांबतो.

जुन्या काळी पुष्कळ इन्सर्ट नुसते फायरप्लेसमध्ये ढकलून दिलेले आहेत. पेटीच्या वरच्या तोंडाला पाइप नाही, लायनर (चिमणीच्या आतून वरपर्यंत नेलेला धातूचा नळ) नाही. धूर पेटीतून बाहेर पडतो, फायरप्लेसच्या पोकळीत भरतो आणि तिथून वाट सापडेल तसा मोठ्या चिमणीत चढतो. उघड्या फायरप्लेससाठी बांधलेली ती चिमणी इन्सर्टला फार मोठी असते. धूर तिच्यात मंदावतो, साधारण २५० अंश फॅरनहाइटच्या खाली (सुमारे १२० सेल्सिअस) थंड होतो आणि त्यातली वाफ व डांबरी द्रव्यं भिंतींवर जमतात. हेच क्रिओसोट. ते पेटलं तर चिमणीच्या आत २,००० फॅरनहाइटच्या घरात तापमान जाऊ शकतं. मातीच्या टाइल्स तडकतात आणि ती उष्णता मागच्या लाकडी चौकटीला भिडते.

चिमणीवाल्याला बोलवताना "साफ करून द्या" एवढंच सांगू नका. एनएफपीए २११ या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकात तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. घर विकलं-घेतलं गेलं असेल किंवा पेटीत वा धूरमार्गात बदल करायचा असेल तर दुसरी पातळी, म्हणजे लेव्हल टू, लागते. तिच्यात चिमणीच्या आत कॅमेरा सोडतात, माळ्यावरून आणि तळघरातून दिसणारा भाग पाहतात. चिमणी-शेगडीच्या कारागिरांना प्रमाणपत्र देणाऱ्या सीएसआयए किंवा एनएफआय या संस्थांचं प्रमाणपत्र असलेला माणूस बोलवा, कॅनडात डब्ल्यूईटीटीचं. फोटोंसह लेखी अहवाल मागा. फोटो द्यायला जो तयार नसेल त्याला काम देऊ नका.

अहवालात या गोष्टींची उत्तरं हवीत. टाइल्सना चिरा किंवा सांध्यांत पोकळ्या आहेत का? चिमणीच्या डोक्यावरचं सिमेंटचं झाकण फुटलंय का? वर पावसाची टोपी आणि जाळी आहे का? क्रिओसोट कोणत्या अवस्थेत आहे: भुरभुरीत काजळी, चमकदार खपल्या, की काचेसारखा घट्ट थर? पहिली अवस्था ब्रशने निघते. तिसरी निघत नाही. तिला रासायनिक उपचार किंवा फिरत्या साखळ्यांचं यंत्र लागतं, आणि तो थर तसाच ठेवून लायनर घालणं धोक्याचं.

उंचीही मोजायला सांगा. चिमणी छतातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर हवी, आणि १० फुटांच्या आतल्या छताच्या कोणत्याही भागापेक्षा किमान २ फूट उंच हवी.

तपासा: लेखी अहवाल हातात आहे? "लायनर हवा की नको" याचं स्पष्ट उत्तर त्यात आहे? नसेल तर पुढे जाऊ नका.

## ३. इन्सर्ट बाहेर काढणं

या पेट्या ३०० ते ५०० पौंडांच्या असतात, म्हणजे १३५ ते २२५ किलो. दोन मित्र आणि एक चहा यावर भागणारं काम नाही. तीन-चार धडधाकट माणसं, जाड कामाचे हातमोजे आणि पुढून मजबूत बूट हवेत.

शेवटच्या आगीनंतर किमान चार दिवस जाऊ द्या. राख काढा. पंख्याचा प्लग काढा. मग वजन कमी करा: दार बिजागरीतून उचलून काढा, आतल्या विटा एकेक काढून क्रमाने फोटो घ्या, वरची आडवी प्लेट (बॅफल) काढा. वर पाइप जोडलेला असेल तर स्क्रू आधी सोडा. तो विसरून पेटी ओढली की लायनर फाटतो. चौकटीचे पत्रे काढले की आत हात जायला जागा होते.

पुढच्या हर्थवर (फायरप्लेससमोरच्या फरशीवर) जाड प्लायवुड, त्यावर उलटा टाकलेला जुना गालिचा. पेटी उचलू नका, सरकवा. प्लायवुडची पातळी फायरप्लेसच्या फरशीएवढी करून घेतली तर काम निम्मं होतं.

इशारा: १९७०-८०च्या दशकातल्या पेट्यांमध्ये दाराची पांढरी-करडी दोरी, पेटीमागचा पुठ्ठ्यासारखा बोर्ड किंवा चौकटीभोवतीचं पॅकिंग अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. डोळ्यांनी ओळखता येत नाही. कोरडं खरवडू नका, तारेच्या ब्रशने घासू नका, घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका. तुकडा पाण्याने भिजवून पिशवीत बंद करा आणि प्रयोगशाळेकडे पाठवा. निकाल येईपर्यंत त्या भागाला हात नको. निकाल होकारार्थी आला तर ते काढायचं काम परवानाधारक माणसाचं.

## ४. पेटीची परीक्षा

पेटी गॅरेजमध्ये किंवा झाकलेल्या ओसरीवर आणली की लगेच रंगाचा डबा उघडू नका. आधी ती टिकाऊ आहे का ते पाहा.

अंधार करून आत झगझगीत दिवा लावा आणि बाहेरून सगळे सांधे, कोपरे, वेल्डिंगच्या रेषा न्याहाळा. कुठून प्रकाशाची रेघ बाहेर आली तर तिथून हवा आत जाणार, आणि आग तुमच्या हातात राहणार नाही. बिडाच्या पेटीत जोडाचं जुनं सिमेंट निघालेलं असेल तर ते भट्टीच्या सिमेंटने भरता येतं. पोलादी पेटीची वेल्डिंग उघडली असेल तर जाणकार वेल्डर लागतो. बिडाच्या मुख्य भागाला आरपार तडा गेला असेल तर पेटी संपली असं समजा. सिमेंट लावून तो तडा बुजत नाही, फक्त दिसेनासा होतो.

बॅफल वाकलेलं आहे का ते पट्टी लावून पाहा. खूप वाकलेलं बॅफल, आतून फुगलेल्या भिंती, करड्या-पांढऱ्या पडलेल्या लोखंडाचे डाग, या सगळ्या पेटी वारंवार जास्त तापवल्याच्या खुणा. अशा पेटीची जरा जास्त कसून तपासणी करा.

हवेची खिट्टी (एअर कंट्रोल) दोन्ही टोकांपर्यंत सरकते का? अडत असेल तर मागे गंज किंवा राख अडकलेली असते. पूर्ण बंद होत नसेल तर ती दुरुस्त झाल्याशिवाय पेटी वापरायची नाही, कारण आग आवरण्याचं तेवढंच साधन तुमच्याकडे आहे.

काही मॉडेलमध्ये वरच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांची चकती असते, तो कॅटॅलिटिक कम्बस्टर, धुरातलं न जळलेलं द्रव्य जाळणारा भाग. तुटलेला, भुगा होणारा किंवा जाड राखेने बुजलेला असेल तर बदला. सुटा भाग मिळत नसेल तर कम्बस्टर काढून पेटी तशीच चालवू नका. तिची आखणीच त्याच्याभोवती झालेली असते.

## ५. दुरुस्ती, या क्रमाने

गंज. तारेच्या ब्रशने आणि पोलादी लोकरीने बाहेरचा गंज काढा. (अ‍ॅस्बेस्टॉसचा निकाल नकारार्थी आला असेल तरच.) धुळीचा मास्क घाला. पाणी ओतून धुऊ नका.

विटा. केसासारखी चीर चालते. दोन तुकडे झालेली पण जागेवर घट्ट बसणारी वीटही काही काळ चालते. भुगा होणारी, मधून तुकडा उडालेली वीट बदला. सर्वसाधारण माप ९ बाय साडेचार बाय सव्वा इंच. जुन्या विटा जड आहेत की प्यूमिसच्या (सच्छिद्र दगडाच्या) हलक्या ते पाहून तशाच घ्या. अंगणातली लाल वीट इथे चालत नाही.

दाराची दोरी. जुनी दोरी आणि खाचेतलं जुनं सिमेंट पूर्ण काढा. नवी फायबरग्लासची दोरी नेमक्या जाडीची हवी: तीन-अष्टमांश, अर्धा, पाच-अष्टमांश इंच अशी मापं येतात. पुस्तिकेत माप नसेल तर खाचेची रुंदी-खोली मोजून विक्रेत्याला सांगा. जाड दोरी घातली की दार बंदच होत नाही, आणि लोक जोर लावून कडी वाकवतात. खाचेत सिमेंटची पातळ रेघ द्या, दोरी न ताणता बसवा. ताणून बसवलेली दोरी बारीक होते आणि तिथूनच हवा शिरते. दार बंद करून रात्रभर ठेवा.

काच. ही सिरॅमिक काच असते. साधी किंवा टेम्पर्ड काच लावणं धोकादायक, ती या उष्णतेत टिकत नाही. काचेभोवतीची चपटी दोरी बदला आणि स्क्रू हलक्या हाताने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. काच तापली की पसरते. करकचून आवळली तर तडकते.

पंखा. वायरचं रबर कडक होऊन चिरलं असेल तर पूर्ण वायर बदला, चिकटपट्टी लावू नका. पात्यांवरची धूळ काढा. वायर पेटीच्या अंगाला टेकणार नाही अशी वाट काढून द्या.

रंग. सर्वांत शेवटी. १,२०० अंश फॅरनहाइटपर्यंत टिकणारा स्टोव्ह पेंटच हवा. काच, लेबल आणि दोरी झाकून पातळ दोन हात मारा. लेबलावर रंग गेला तर तुम्ही तुमच्याच पेटीचा पुरावा पुसलात.

तपासा: कागदाची चाचणी. दारात नोट किंवा कागदाची पट्टी अडकवून दार बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना, दर काही इंचांवर करा. सहज निसटली तर तिथे दोरी पकडत नाही. आधी कडी थोडी आवळून पाहा, मग दोरीकडे वळा.

## ६. लायनर आणि झाकणपट्टी

नुसती ढकललेली पेटी तशीच परत ढकलायची नाही. स्टेनलेस स्टीलचा लायनर पेटीच्या तोंडापासून चिमणीच्या टोकापर्यंत सलग न्यायचा. हे काम बहुतेकांनी व्यावसायिकाकडूनच करून घ्यावं. तरी काय मागायचं ते माहीत हवं.

माप पेटीच्या तोंडावरून ठरतं, चिमणीवरून नाही. जुन्या पेट्यांचं तोंड पुष्कळदा ८ इंची असतं. कुणी ६ इंची स्वस्त पडतो म्हणून सुचवला तर पेटीच्या कंपनीची लेखी मान्यता दाखवायला सांगा. मान्यता नसेल तर नको.

"आमची चिमणी छान आहे, लायनरची गरज काय?" हा प्रश्न नेहमी येतो. हिशेब साधा आहे. मानकानुसार धूरमार्गाचं क्षेत्रफळ पेटीच्या तोंडाच्या तिप्पटीहून जास्त नको. चिमणीची एखादी बाजू घराबाहेर उघडी असेल तर दुपटीहून जास्त नको. ८ इंची तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच, दुप्पट १००. आतून ११ बाय ११ इंचांची चिमणी १२१ होते. बाहेरच्या भिंतीत असेल तर इथेच ती नापास. ६ इंची तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २८, तिप्पट ८५. म्हणजे घराच्या मधोमध असली तरीही नापास.

लायनर यूएल १७७७ या सुरक्षा मानकाप्रमाणे नोंदलेला हवा आणि मी म्हणेन, इन्सुलेशनच्या वेष्टनासह हवा. विटांच्या चिमणीपासून घराच्या लाकडापर्यंत आतल्या भागात २ इंच आणि बाहेरच्या चिमणीला १ इंच मोकळं अंतर असावं असा नियम आहे. जुन्या घरांत हे अंतर क्वचितच सापडतं. वेष्टन त्यावरचा उपाय आहे, शिवाय धूर गरम राहतो आणि क्रिओसोट कमी होतं.

खाली, फायरप्लेसच्या जुन्या झडपेच्या (डँपरच्या) उंचीला, लायनरभोवती पत्र्याची झाकणपट्टी बसवून घ्या आणि तिच्यावर रॉकवूल (दगडाच्या तंतूंची न जळणारी लोकर) भरा. काचतंतूची गुलाबी गादी इथे चालत नाही. ही पट्टी नसेल तर पेटीची ऊब चिमणीच्या पोकळीत निघून जाते आणि मग लोक जास्त लाकूड घालून पेटी लाल करतात. लायनर नेण्यासाठी झडपेची चौकट कापावी लागली, तर "ही फायरप्लेस बदललेली आहे, उघडी वापरण्याआधी तपासून घ्या" अशी पट्टी तिथे कायमची लावायची असते.

## ७. पुन्हा बसवणं आणि आजूबाजूची जागा

पेटी सरकवून लायनरला जोडली की जोडाला किमान तीन स्क्रू. पेटी पातळीत बसली आहे ना, ते पाहा. तिरकी असेल तर दार आपोआप उघडतं.

दारासमोर न जळणारी जमीन हवी. अमेरिकेतल्या बहुतेक पुस्तिका किमान १६ इंच सांगतात, कॅनडात १८. वरच्या लाकडी मँटलचं (फायरप्लेसवरच्या फळीचं) अंतर लेबलवर लिहिलेलं असतं. लेबल नसलेल्या शेगड्यांसाठी एनएफपीए २११ मधलं ३६ इंचांचं सर्वसाधारण अंतर धरा आणि निरीक्षकाला दाखवा. मँटलवर दिवाळीची तोरणं, कागदी आकाशकंदील, दिव्यांच्या माळा लावायची आपली पद्धत आहे. नेमकी तेव्हाच पहिली आग पेटते. त्या हंगामात पेटी वापरायची असेल तर सजावट दुसऱ्या भिंतीवर न्या.

घराच्या प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा आणि धुराचा अलार्म हवा. अलार्मच्या पाठीवरची मुदत वाचा. संपलेली असली तरी बटण दाबल्यावर तो वाजतो, म्हणून फसू नका. एबीसी प्रकारचा (लाकूड-कागद, तेल आणि वीज या तिन्ही आगींसाठीचा) अग्निशामक जवळ, पण पेटीच्या अगदी शेजारी नको.

परवाना घेतला असेल तर तपासणी याच टप्प्यावर करून घ्या, आग पेटवण्याआधी.

## ८. पहिल्या तीन आगी

पहिली आग फक्त काटक्यांची, पाऊण-एक तास. पेटी पूर्ण थंड होऊ द्या. दुसरी त्याहून थोडी मोठी. तिसरी बारीक ढलप्यांची. सिमेंट आणि रंग हळूहळू भाजून निघायला हवेत. एकदम तापवलं तर सिमेंट फुगून निघतं. रंगाचा उग्र वास येतो, धूसर धूर दिसतो. खिडक्या उघडा, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि पिंजऱ्यातले पक्षी दुसरीकडे ठेवा.

दुसऱ्या आगीच्या वेळी उदबत्ती पेटवून दाराच्या कडांवरून आणि पेटीच्या सांध्यांवरून सावकाश फिरवा. धुराची रेषा आत ओढली गेली तर तिथे गळती आहे. घरात धूर बाहेर येत असेल तर थांबा आणि कारण शोधा.

त्या कारणांपैकी एक आपल्या स्वयंपाकघरात असतं. फोडणीच्या धुरासाठी आपण ताकदीचा एक्झॉस्ट हूड लावून घेतो. तो घरातली हवा बाहेर फेकतो, घट्ट बांधलेल्या घरात ती भरून काढायला हवा चिमणीतून खाली येते, आणि तिच्यासोबत धूर व कार्बन मोनॉक्साइड. कपड्यांचा ड्रायर आणि बाथरूमचे पंखेही हेच करतात.

तपासा: पेटी पेटलेली असताना हूड चालू करून उदबत्ती दाराजवळ धरा. धूर खोलीकडे वळला तर आग असेपर्यंत हूड बंद, किंवा स्वयंपाकघराची खिडकी उघडी. आग विझत आलेली असताना धोका जास्त, कारण चिमणीची ओढ तेव्हा कमी झालेली असते.

## ९. रोजचं पेटवणं

लाकूड हा निम्मा विषय आहे. आतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. ओलाव्याचं मीटर स्वस्तात मिळतं, पण लोक ते ढलपीच्या बाहेरच्या बाजूला टोचतात. ढलपी नव्याने फोडा आणि ताज्या पृष्ठावर मोजा. "सीझन्ड" म्हणून विकलेलं ओक पुष्कळदा ओलं निघतं. ओकला फोडून रचल्यावर दोन वर्षं लागू शकतात. म्हणून या थंडीचं लाकूड या थंडीत घेऊ नका, पुढच्या वर्षीचं घ्या.

मोजमापात फसू नका. पूर्ण कॉर्ड म्हणजे रचलेलं १२८ घनफूट. "फेस कॉर्ड" सोळा इंची लाकडाचा असेल तर त्याचा तिसरा हिस्सा. लाकूड जवळपासचंच घ्या. त्यातून झाडं मारणाऱ्या किडी पसरतात, आणि न्यू यॉर्कमध्ये उष्णतेची प्रक्रिया न केलेलं सरपण ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. रंगवलेलं, दाबप्रक्रिया केलेलं लाकूड, प्लायवुड, चकचकीत कागद, समुद्रकाठी सापडलेली खारी लाकडं यातलं काहीही पेटीत घालायचं नाही. रॉकेल-पेट्रोल तर कधीच नाही.

पेटवण्याची पद्धत चुलीच्या उलटी. मोठी लाकडं तळाला, त्यावर मध्यम, त्यावर काटक्या, सर्वांत वर कागदाच्या गाठी. वरून पेटवा. धूर ज्वाळेतूनच वर जातो म्हणून जळून जातो आणि चिमणी लवकर तापते. हवा पूर्ण उघडी ठेवा. मोठी लाकडं नीट पेटली की हवा टप्प्याटप्प्याने कमी करा. कॅटॅलिटिक पेटी असेल तर तापमापी साधारण ५०० फॅरनहाइट दाखवेपर्यंत बायपास (धूर कम्बस्टर टाळून थेट वर सोडणारी झडप) बंद करू नका.

गावी चूल किंवा बंब पेटवलेल्यांचा हात इथे एका बाबतीत चुकतो. रात्री हवा बंद करून लाकूड धुमसत ठेवायची सवय. इन्सर्टमध्ये अशा एका रात्रीत जेवढं क्रिओसोट जमतं तेवढं चांगल्या जळणाऱ्या आगीच्या कित्येक दिवसांत जमत नाही. ज्वाळा दिसायला हवी. बाहेर जाऊन चिमणीकडे पाहा: पेटवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत दाट धूर विरायला हवा. काच सारखी काळी होत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय.

उलट टोकही आहे. लोखंड लालसर दिसू लागलं तर दार उघडू नका. हवा बंद करा, पंखा पूर्ण वेगाने लावा आणि पेटी शांत होईपर्यंत तिथेच थांबा.

## १०. राख, सफाई आणि चिमणीची आग

तळाला साधारण एक इंच राख राहू द्या, निखारे तिच्यावर चांगले टिकतात. बाकीची काढताना घट्ट झाकणाचा धातूचा डबा घ्या. राखेतला निखारा चार दिवसांपर्यंत गरम राहू शकतो. म्हणून डबा गॅरेजमध्ये, लाकडी डेकवर किंवा कागदी पिशवीसह कचऱ्यात कधीच नको. घरापासून १० फूट दूर, उघड्यावर. साध्या व्हॅक्यूमने राख ओढू नका.

थंड काच ओल्या कागदाला थोडी राख लावून पुसली की निघते. ब्लेडने खरवडू नका.

चिमणी वर्षातून एकदा तपासायची, आणि काजळीचा थर एक-अष्टमांश इंच झाला की साफ करायची. काचेसारखा थर दिसला तर जाडी न मोजता लगेच. पहिल्या हंगामात मी मधेच, जानेवारीत, एकदा पाहायला सांगेन. तुमचं लाकूड आणि तुमची पेटवण्याची पद्धत कशी आहे ते तेव्हाच कळतं.

चिमणीची आग आवाजावरून ओळखू येते. रेल्वे जवळून जावी तसा घरघराट, पाइपचा थरथराट, छतावर ठिणग्या किंवा ज्वाळा. तसं झालं तर हवा बंद, दार बंद, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि ९११ ला फोन करा. चिमणीत पाणी ओतू नका. तापलेल्या टाइल्स आणि लायनर त्याने फुटतात. आग आपोआप विझली तरी फोन करायचाच, कारण भिंतीच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही.

त्यानंतर लेव्हल टू तपासणीचा नवा अहवाल येईपर्यंत पेटी बंद ठेवा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर घरातल्या एकाहून जास्त माणसांना एकाच वेळी जाणवली, किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर खिडक्या उघडत बसू नका: आधी सगळे बाहेर, मग फोन, आणि अग्निशमन दलाने हवा मोजून सांगितल्याशिवाय कुणी आत जायचं नाही.